चि. ओंकारला, बुलिमियाविषयी

कराड

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे सांगितलंस ते सांगायला तुला किती जड गेलं असेल, हे मला तुझ्या आवाजावरून कळत होतं. म्हणून तेव्हा जास्त काही विचारलं नाही. पण फोनवर तू "हो आई, बघतो" म्हणून ठेवून देतोस, आणि हे 'बघतो'वर सोडायचं प्रकरण नाही. म्हणून लिहितेय. एकटा असशील तेव्हा सावकाश वाच.

तू म्हणालास, "माझी जिद्दच कमी पडतेय, उद्यापासून कंट्रोल करतो." मला सगळ्यात काळजी या वाक्याची वाटते. तालमीत लहानाचा मोठा झालेला मुलगा दुसरं काय म्हणणार? पण या दुखण्यात जिद्द कामाला येत नाही, उलट ती दुखणं वाढवते. बघ कसं ते. रात्री ताबा सुटतो, पोटात मावणार नाही इतकं खाल्लं जातं. मग भीती आणि शरम वाटून ते बाहेर काढलं जातं. पहाटे उठून तू ठरवतोस की आज काही खायचं नाही. तसाच आखाड्यात उतरतोस, घाम गाळतोस, दिवस रेटतोस, आणि संध्याकाळ झाली की शरीर खवळून उठतं. त्या खवळण्याला तू स्वतःचा नालायकपणा म्हणतोस. ती भूक आहे रे. पहाटे केलेला निश्चय हीच त्या रात्रीच्या खाण्याची सुरुवात असते.

हे मी आई म्हणून समजूत काढायला सांगत नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. तब्येतीनं आणि मनानं खंबीर अशी पारखून घेतलेली मुलं होती ती, आणि स्वतःहून आलेली. काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. पुढे पोटभर मिळायला लागलं तेव्हा काहींना पोट भरूनही थांबता येईना. त्या मुलांच्या स्वभावात काही खोट नव्हती. उपासमारीनंतर शरीर असंच वागतं.

या आजाराला बुलिमिया नर्व्होसा म्हणतात. लंडनच्या जेराल्ड रसेल या मनोविकारतज्ज्ञांनी १९७९ साली त्याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. म्हणजे आबांच्या ऐन उमेदीच्या काळात तर याला धड नावही नव्हतं. यात बहुतेकांचं वजन चारचौघांसारखंच असतं, म्हणून घरच्यांना, मित्रांना, वस्तादांना पत्ता लागत नाही. आणि हे फक्त मुलींना होतं हा तुझा समज काढून टाक. इंग्लंडचा तो फ्लिंटॉफ, २००२ साली वानखेडेवर मॅच जिंकून शर्ट काढून पळाला होता तो, त्याला हाच आजार होता. जाड म्हणून त्याच्यावर टीका व्हायची, तेव्हा हे सुरू झालं. २०२० साली बीबीसीच्या माहितीपटात त्यानं हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं. एवढ्या ताकदीचा फास्ट बोलर कितीतरी वर्षं हे लपवून खेळत होता.

आता माझ्या लॅबमधलं सांगते, कारण तिथलं मला रोजचं माहीत आहे. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. वारंवार उलट्या झाल्या, जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेतल्या, की ते खाली येतं. मशीनवर अडीचच्या खालचा आकडा दिसला की आम्ही सॅम्पल पुन्हा लावतो, आणि तोच आकडा परत आला तर रिपोर्ट छापायची वाट न बघता वॉर्डला फोन करतो. कारण पोटॅशियम इतकं उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. माणूस चालत आलेला असतो, बोलत असतो, हसत असतो, आणि रिपोर्ट असा येतो. तुझ्या पायात रात्री गोळे येतात म्हणालास, गालाच्या मागे सूज वाटते म्हणालास, ते मी ऐकून ठेवलंय. दोन्ही डॉक्टरांना सांगायचं. दाताला कळ येते तेही. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, आम्लानं मऊ झालेलं दाताचं आवरण घासून जातं. नुसत्या पाण्यानं चूळ भर.

आणि वजनगटाचं. मातीतल्या कुस्तीत आबांच्या वेळी जोड बघून कुस्ती लागायची, अंगात किती खुराक जिरवलाय याचा अभिमान असायचा. मॅटवर गट आले, काटा आला. काट्यानं खेळाडूची काय दशा होते ते २०२४ मध्ये पॅरिसला विनेशच्या १०० ग्रॅमवरून सगळ्या देशानं बघितलं. १९९७ साली तर अमेरिकेत कॉलेजात कुस्ती खेळणारी तीन मुलं महिना-सव्वा महिन्यात एकामागून एक गेली, तिघंही वजन उतरवत होती. त्यानंतर तिथं नियम बदलले. वजन उतरवणाऱ्या प्रत्येकाला बुलिमिया होतो असं नाही, पण ज्याला झालाय त्यानं बरं होईपर्यंत काट्याच्या वाटेला जाऊ नये. माझं स्पष्ट मत आहे, हा सीझन वजन उतरवायचं नाही. वरच्या गटात खेळ किंवा खेळू नकोस, दोन्ही मला सारखंच. वस्तादांना काय सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरव.

तुला मनोविकारतज्ज्ञांकडे जायचंय म्हटल्यावर तू गप्प झालास. आत काय होतं ते सांगते. ते विचारतील किती दिवसांपासून, आठवड्यातून किती वेळा, उपवास किती, गोळ्या कुठल्या. लाजून आकडा कमी सांगू नकोस. झोप आणि मनःस्थिती विचारतील. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हेही विचारतील. येत असतील तर त्यांना सांग, आणि मलाही सांग, रात्री कितीही वाजता. मग रक्त आणि ईसीजी. मुख्य उपचार बोलण्याचा असतो, त्याला सीबीटी म्हणतात, साधारण २० बैठका, बहुधा आठवड्याला एक. तिथं पहिलं काम काय देतात माहितेय? वेळेवर खायचं. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडंसं, तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ रिकाम्या पोटी नाही, आणि आदल्या रात्री काहीही झालेलं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. तुला हे उलटं वाटेल, वजनाची भीतीही वाटेल. त्या भीतीवर तिथं काम करतात. काय खाल्लं, तेव्हा मनात काय होतं, याची वही ठेवायला सांगतील. ती वही मी कधी मागणार नाही.

औषध द्यायचं ठरलं तर बहुधा फ्लुओक्सेटिन देतील. बुलिमियात त्याचा डोस नैराश्यापेक्षा जास्त, ६० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, आणि गुण यायला काही आठवडे जातात. त्याची सवय लागत नाही, डोपिंगच्या यादीतही ते नाही. लघवीच्या गोळ्या मात्र त्या यादीत आहेत, मित्रानं दिलेल्या उरल्या असतील तर डॉक्टरांना दाखवायला घेऊन ये. सुरुवातीला तुझ्या वयात बेचैनी किंवा वाईट विचार वाढले तर लगेच कळवायचं. आपल्या मनानं सुरूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही.

आपल्याकडे खाण्याच्या विकारांचे पेशंट नेहमी बघणारे डॉक्टर थोडे आहेत, म्हणून नाव नोंदवताना मी तेच आधी विचारून घेतलं. बघतात म्हणाले, आणि त्यांच्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही आहेत. तू सज्ञान आहेस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कॉलेजला, तालमीला काही कळणार नाही, मलाही तू सांगशील तेवढंच. पप्पांना मी सांगितलंय, तू 'चालेल' म्हणालास म्हणून. ते फार बोलले नाहीत. संध्याकाळी येऊन विचारलं, फी किती आहे, मी पण येऊ का. या वेळी मी एकटीच येते म्हटलं.

शनिवारच्या आत छातीत धडधड वाढली, चक्कर येऊन पडलास किंवा उलटीत रक्त दिसलं तर माझ्या फोनची वाट बघू नकोस, रूममेटला घेऊन सरळ जवळच्या कॅज्युअल्टीत जा आणि उलट्यांचं खरं कारण सांग. रात्री नुसतं कुणाशी बोलावंसं वाटलं आणि मला उठवायला संकोच वाटला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पण मला उठवलंस तर जास्त बरं वाटेल.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी स्वारगेटला येते. साडेअकराची वेळ मिळालीय. आत तू एकटाच जा, बोलावलं तरच मी येईन. जुने रिपोर्ट असतील तर घे, आधार कार्ड घे. रक्त त्याच दिवशी देऊन टाकू. या तपासणीला उपाशी पोट लागत नाही, तेव्हा मेसमध्ये नाश्ता करूनच ये.

तुझी
आई