मुक्ताला, सीडीसोबत

प्रिय मुक्ता,

कॉन्सर्टनंतर कानात शिट्टी वाजतेय म्हणालीस, मी दोन वाक्यं बोललो आणि तू फोन ठेवलास. म्हणून कानांबद्दल इथे काही लिहिणार नाही. टूल या रॉक बँडच्या 'लॅटेरालस' अल्बमची माझी सीडी पाठवतोय, 2001 ची. तुझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, ठाऊक आहे. पण ॲलेक्स ग्रेच्या चित्रांची ती पारदर्शक पानं एकेक उलटून बघ, माणसाचं शरीर थराथराने उघडत जातं. ऐक फोनवरच.

शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्य. 'पॅराबोल'च्या शेवटालाच 'पॅराबोला' जोडलेलं आहे, मध्ये फट पडली की सगळी मजा गेली. आणि आवाज आधी 'पॅराबोला'वर लावून घे, मग मागे ये. 'पॅराबोल' इतकं हळू आहे की हात आपोआप बटणाकडे जातो, आणि तीनेक मिनिटांनी गिटार अंगावर कोसळते. तेवढ्यात कानाचं... असो.

'स्किझम'मध्ये आधी जस्टिन चॅन्सेलरचा बास धर. जाड तार ई वरून डी वर उतरवलेली आहे. पाच मोज, मग सात. बारा झाले म्हणून एकताल समजशील तर दुसऱ्याच आवर्तनात घसरशील, कारण वजन पाच आणि सातच्या जोडावर पडतं. डॅनी कॅरी रीतसर तबला शिकलेला ड्रमर आहे, 'डिस्पोझिशन'मध्ये तबला ऐकूही येतो. तुला आठवतं का, स्वयंपाकघरात डब्यांवर झपताल वाजवायचीस आणि दहावी मात्रा नेहमी खायचीस? आई म्हणायची, हिला जेवायची घाई. पाच वर्षांची होतीस.

'लॅटेरालस' या शीर्षकगीताच्या ध्रुवपदात मात्रा 9, 8, 7 अशा उतरतात, मिळून 24. कडव्यात शब्दांची अक्षरं 1, 1, 2, 3, 5, 8 अशी चढतात आणि 5, 3 अशी परत येतात. ही फिबोनाची श्रेणी, आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची; 987 हीसुद्धा तिच्यातलीच संख्या. मात्र हे मोजण्याच्या नादात लोक गाणं ऐकायचं विसरतात. पहिल्यांदा नुसतं ऐक. 'मंत्रा' हे नाव वाचून ध्यानाला बसू नकोस, तो गायकाच्या मांजराचा संथ केलेला आवाज आहे.

'ट्रायड'नंतर थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. तेव्हा आवाज वाढवू नकोस. त्यामागून जो खरखराट येतो, तो हेडफोन लावून झोपलेल्याला दचकवून उठवतो. तू तशीच झोपतेस.

आता लिहूनच टाकतो. 85 डेसिबलला आठ तास चालतात, 88 ला चार, 91 ला दोन. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 100 ला पंधरा मिनिटं. कॉन्सर्टला तू किती तास उभी होतीस? कानातल्या केसपेशी मेल्या की परत उगवत नाहीत. बसच्या गोंगाटावर मात करायला लोक आवाज चढवतात, त्यापेक्षा बाहेरचा गोंगाट दाबणारे नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन घे, पैसे मी देईन. झालं माझं व्याख्यान सुरू. माफ कर. तू अठराची आहेस, आणि साडेआठ मिनिटांची 'द ग्रज' न कंटाळता ऐकणारी आपल्या घरात माझ्याशिवाय तू एकटीच. मी चार लोकांना सांगतो हे.

पाकिटात फोमचे प्लग आहेत. बोटांत बारीक वळ, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढ, प्लग आत घाल आणि तीसेक सेकंद दाबून धर. अर्धवट बसवले तर काही उपयोग नाही. फोम वरचे सूर खातो, झांजा मातकट लागतात. आवडलं नाही तर संगीतकारांचे फिल्टरवाले घेऊ, ते सगळा आवाज सारखा कमी करतात.

शिट्टी दोन दिवसांत गेली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा. एका कानाने अचानक कमी ऐकू आलं तर त्याच दिवशी, उद्या नाही. अण्णांच्या टीव्हीच्या आवाजाचा आकडा आता 62 वर गेलाय.

डावा की उजवा, तेवढं कळव.

बाबा