सायकल शर्यतीतल्या बाकीच्या सहा जणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिलांच्या टूर द फ्रान्सची बातमी आपल्या क्रीडा पानावर आलीच, तर दोन ओळींत आटोपते. अमुक जिंकली, तमुक दुसरी, फरक इतक्या सेकंदांचा. नाशिक हे सायकलवेडं शहर आहे. पहाटे गंगापूर रोडला, त्र्यंबक रोडला सायकलींचे घोळके निघतात. अशा गावातल्या वाचकाला शर्यत कशी जिंकली गेली हेही वाचायला मिळावं, म्हणून हे पत्र.

रोड रेसमध्ये खरा प्रतिस्पर्धी वारा असतो. पुढच्या सायकलच्या चाकाला चिकटून राहिलं की सपाटीवर साधारण एक तृतीयांश ताकद वाचते. त्यामुळे पुढे राहून वारा कोणी खायचा आणि मागे राहून पाय कोणी राखायचे, यावर सगळे डाव रचले जातात. टूर अनेक दिवस टप्प्याटप्प्याने चालते आणि सगळ्या टप्प्यांची मिळून वेळ जिची सगळ्यात कमी, ती जिंकते. तिच्यात एका संघात सात जणी असतात. प्रमुख खेळाडूसाठी बाकीच्या सहा जणी वारा अडवतात, संघाच्या गाडीपर्यंत मागे जाऊन जर्सीत बाटल्या कोंबून आणतात, निसटलेल्या गटाचा पाठलाग करतात. प्रमुख खेळाडूची सायकल पंक्चर झाली तर स्वतःचं चाक काढून देतात. त्यांची नावं निकालात पन्नासाव्या किंवा ऐंशीव्या क्रमांकावर सापडतात.

हे काम झालं नाही तर काय होतं, ते टोकियो ऑलिम्पिकमध्ये जगाने पाहिलं. नेदरलँड्सच्या संघात फान फ्लॉइटेन, फान डेर ब्रेखन, मारिआन व्होस आणि डेमी व्होलरिंग होत्या. त्यांतल्या तिघी आधीच रोड रेसच्या जगज्जेत्या झालेल्या. अशा चौघी एकत्र असताना कोणी हरवेल असं कोणाच्या मनातही नव्हतं. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर, गणितात पीएच.डी. केलेली आणि त्या वर्षी कुठल्याच व्यावसायिक संघात नसलेली, शर्यत सुरू होताच काही जणींसह पुढे निसटली. शेवटचे सुमारे 40 किलोमीटर ती एकटीच पुढे होती. ऑलिम्पिकमध्ये कानात रेडिओ नसतो. मागच्या मोठ्या गटाने वाटेत तिच्या साथीदारांना गाठलं आणि आता पुढे कोणी उरलं नाही असा समज झाला. फान फ्लॉइटेनने रेषा ओलांडताना आनंदाने हात वर केले, तेव्हा कीझेनहोफरला जिंकून 75 सेकंद झाले होते. चार नावाजलेल्या खेळाडू होत्या, पण पाठलागाचं रटाळ काम वेळेत अंगावर घेणारी एकही नव्हती आणि पुढे किती जणी आहेत याचा हिशेबही कोणी ठेवला नाही. मला हा निकाल कीझेनहोफरच्या धाडसाइतकाच डच संघाच्या चुकीमुळे महत्त्वाचा वाटतो.

2024 ची टूर तर यापेक्षाही शिकण्यासारखी. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असल्याची खूण, अंगावर असलेली व्होलरिंग पाचव्या टप्प्यात अखेरच्या काही किलोमीटरवर पडली. तिला ओढून पुन्हा पुढे न्यायला पुरेशा सहकारी मागे नव्हत्या. तो टप्पा तिच्याच संघातल्या ब्लांका वासने जिंकला आणि व्होलरिंगची पिवळी जर्सी पोलंडच्या काशा निएवियाडोमाकडे गेली. तीन दिवसांनी शेवटच्या टप्प्यात व्होलरिंगने ग्लांडोनच्या घाटातच हल्ला चढवला, तेव्हा शेवटची रेषा 50 किलोमीटरहून लांब होती. खाली दरीतल्या सपाट रस्त्यावर निएवियाडोमा पाठलाग करणाऱ्या गटात होती आणि त्या गटाला ओढत होती लुसिंडा ब्रांड. ब्रांड दुसऱ्याच संघाची. ती राबत होती आपल्या संघातल्या गाया रेआलिनीसाठी, पण त्याचा फायदा निएवियाडोमालाही झाला. आल्प द्युएझच्या घाटावर संपणारा हा टप्पा व्होलरिंगने जिंकला आणि टूर मात्र निएवियाडोमाने, अवघ्या 4 सेकंदांनी. टूरच्या इतिहासात, पुरुषांची धरूनसुद्धा, इतक्या थोड्या फरकाने निकाल कधी लागलेला नाही. आपण बातमीत 4 सेकंद छापले. त्यात ब्रांडच्या पायांचा वाटा होता, हे कुठेच वाचायला मिळालं नाही.

आपल्या पानांवर खो-खोचं वृत्त किती नेमकं असतं! कोणी किती मिनिटं संरक्षण केलं, कोणी किती गडी टिपले, हे एकेका खेळाडूच्या नावासकट छापलं जातं. सायकलिंगमध्येही कोणी किती वेळ पुढे राहून गट ओढला हे दूरचित्रवाणीवर स्पष्ट दिसतं. तसं एक वाक्य सहज लिहिता येईल.

हा आग्रह मी धरते त्याला कारण आहे. आमच्याबरोबर शाळा-कॉलेजच्या काही मुली सायकल चालवतात. पावसाळ्यात त्र्यंबककडे जाताना वारा समोरून येतो. महिरावणी सोडली की बोलणं बंद होतं, फक्त साखळीचा आवाज. पुढची मुलगी दमली की कोपर किंचित झटकते, वाऱ्याच्या बाजूला सरकते आणि रांगेच्या शेवटी येते. दुसरी वेग न वाढवता तिची जागा घेते. हा वेग न वाढवणंच सगळ्यात अवघड. नवीन मुलगी पुढे आली की जोशात पेडल मारते आणि मागे रांग तुटते. हे शिकायला एक अख्खा पावसाळा जातो. मग याच मुली स्पर्धेत उतरतात तेव्हा नियम असतो प्रत्येकीने आपापलं पळायचं, बक्षीस पहिल्या तिघींना. मैत्रिणीसाठी अंजनेरीपर्यंत वारा खाणारी मुलगी तिथे नुसती सतरावी ठरते. तिच्या घरचे विचारतात, एवढी मेहनत करून सतरावी? पुढच्या वर्षी ती येत नाही.

नाशिकला सांघिक सायकलिंग परकं नाही. महाजन बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली, सुमारे 4800 किलोमीटर, आलटून पालटून सायकल चालवत. त्या वेळी सगळ्या शहराने त्यांच्या मदतनीस चमूचंही कौतुक केलं होतं. मुलींच्या वाट्याला ते का येऊ नये?

टूरमध्ये संघांची क्रमवारी प्रत्येक टप्प्यात संघातल्या पहिल्या तिघींच्या वेळेची बेरीज करून लावतात. हा नियम आपल्याकडे आणायला फारसा खर्च नाही. आयोजकांनी वैयक्तिक बक्षिसं ठेवावीतच, त्यासोबत मुलींना चार-पाच जणींचा संघ म्हणून नाव नोंदवू द्यावं, तिघींची वेळ धरावी आणि बक्षीस सगळ्या संघाला द्यावं. व्यावसायिक संघांतही बक्षिसाची रक्कम वाटून घेण्याची रीत आहे. आणि आपल्या दैनिकाने त्या संघातल्या प्रत्येकीचं नाव छापावं, गट कोणी ओढला ते विचारून. ते कोणाला विचारायचं, हे मुली सांगतील.

आपली,
एक सायकलपटू वाचक
गंगापूर रोड, नाशिक