पिकअपचा हौदा बघता, मग वजनही बघा

संपादक महोदय,

तुमच्या वाहनांच्या पानावर मध्यम आकाराच्या पिकअपबद्दल जे येतं ते मी आवडीने वाचतो. पण दर वेळी इंजिन, टचस्क्रीन, चिखलातून कशी निघते एवढंच असतं, आणि रोज सामान वाहणाऱ्याला जे कळायला हवं ते नेमकं राहून जातं, म्हणून हे पत्र. मी डबल केबिनची, म्हणजे मागेही सीट असलेली पिकअप नऊ वर्षं वापरतोय, हौद्यात रोज काही ना काही असतंच, पाइप, सिमेंट, लाकूड, कधी कुणाचं घर बदलायचं असेल तर कपाटं आणि गाद्या.

गाडी कामाची आहे, त्यात वादच नाही. कारच्या डिकीत जे जात नाही ते जातं, मागे माती सांडली तर पाइप लावून धुऊन काढायची, आणि पूर्ण ट्रकपेक्षा वळवायला कितीतरी सोपी. पण लोक हौदा बघून घेतात आणि वजन विसरतात, आणि चूक तिथेच होते.

साधा हिशोब सांगतो. डबल केबिनचा हौदा साधारण दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल असतो, चाकांवरचे उंचवटे वजा केले तर ढोबळ एक घनमीटर जागा. आता एक घनमीटर कोरडी वाळू म्हणजे जवळपास १६०० किलो, ओली असेल तर त्याहून जास्त, आणि या गटातल्या चांगल्या गाडीची वजन वाहायची क्षमता एक टनाच्या आसपास, काहींची तर पाचसहाशे किलोच. म्हणजे हौदा काठोकाठ भरला की गाडी कधीच ओव्हरलोड झालेली असते, आणि बघणाऱ्याला वाटतं आत्ता कुठे भरली. मी पहिल्याच वर्षी हे केलं. अंधार पडल्यावर निघालो तर हेडलाइटचा उजेड रस्त्यावर नाही, समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर पडत होता, आणि स्टिअरिंग इतकं हलकं लागत होतं की पुढची चाकं जमिनीवर आहेत की नाही असं वाटावं. वाटेतच थांबून अर्धी वाळू उतरवली. मागच्या एक्सलच्याही मागे वजन पडलं की पुढचा भाग उचलला जातो, म्हणून जड वस्तू कायम केबिनला चिकटवून ठेवायची, हे मी तेव्हा शिकलो.

आणि ती क्षमता फक्त सामानाची नसते हो! आत बसलेली माणसं, हौद्यावरचं झाकण, हौसेने लावलेला लोखंडी बंपर, सगळं त्यातूनच वजा होतं. चार मोठी माणसं बसली की तीनशे किलो तिथेच गेले, म्हणजे ५० किलोच्या सहा सिमेंटच्या गोणी कमी. जाहिरातीत तीन-साडेतीन टन लिहिलेलं असतं ते ट्रेलर ओढायचं असतं, पाठीवर घ्यायचं नाही, आणि ट्रेलरच्या हुकवर येणारा भारही पाठीवरच्या हिशोबातच धरायचा.

प्लायवुडचंही तसंच. ८ बाय ४ चा शीट १.२२ मीटर रुंद, आणि बऱ्याच गाड्यांत चाकांच्या उंचवट्यांमध्ये त्याहून कमी जागा असते, त्यामुळे तो तळाला सपाट बसतच नाही. (होंडा रिजलाइन या पिकअपमध्ये ५० इंच, म्हणजे १.२७ मीटर जागा आहे, तिथे बसतो.) मी उंचवट्यांच्या उंचीला दोन आडव्या फळ्या टाकतो आणि शीट त्यावर ठेवतो, हौद्याचा मागचा फाळका उघडा, पट्टे घट्ट, आणि बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड.

रिकामी गाडी उडते ही तक्रारही खूप ऐकतो. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वजनासाठीच बनवलेले असतात त्यामुळे रिकामी उडणारच, दोनतीनशे किलो टाका, शांत चालते. पावसात मात्र रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असल्यामुळे वळणावर घसरतो, तिथे खरंच जपा. टायरमधली हवाही रिकामी आणि भरलेली यासाठी वेगवेगळी लागते, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, पण ते वाचणारे फार थोडे.

रोज माणसं दोनच आणि सामान जास्त असेल तर सिंगल केबिन घ्या असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, हौदा लांब मिळतो, आणि बहुतेक वेळा क्षमताही जास्त. मी स्वतः डबल घेतली ती मुलांना शाळेत सोडायचं होतं म्हणून, आता मुलं मोठी झाली, मागची सीट रिकामीच असते आणि लांब पाइप ठेवताना मला दर वेळी तो गेलेला हौदा आठवतो.

तुमच्याकडे एकच मागणी. पुढच्या वेळी पिकअपचा रिव्ह्यू छापाल तेव्हा चार आकडे नक्की द्या: माणसांसकट किती किलो चालतं, हौदा आतून किती लांब, चाकांच्या उंचवट्यांमध्ये किती जागा, आणि फाळका जमिनीपासून किती उंच. शेवटचा आकडा कंबर दुखणाऱ्यांसाठी आहे, रोज पन्नास किलोची गोणी उचलून चढवणाऱ्याला दहा सेंटीमीटरनेही फरक पडतो.

आपला,
एक नियमित वाचक