पाणी कशाचं ते सांगितल्याबद्दल

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

गावात तुम्हाला सगळे दोना, म्हणजे बाई, म्हणतात, पण माझ्या तोंडी काकूच बसलंय. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण माझं पोर्तुगीज दुकानं आणि बस यांच्यापलीकडे जात नाही. लिस्बनमधली एक मैत्रीण ते तुमच्या भाषेत उतरवून टपालाने पाठवणार आहे. सगळ्यांना वाचता येईल असं ठेवतेय ते आपल्या लोकांसाठी. आईवडिलांना पोर्तुगाल दाखवायला निघालेली आणि 'तिकडे शाकाहारी काय मिळणार' या काळजीत पडलेली मराठी माणसं मला बरीच भेटतात.

तुम्हाला आठवत असेल, जुलैत बेजाहून आई आणि मी विदिगेइराला तुमच्या खानावळीत पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. दक्षिण पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातल्या त्या वेळच्या उन्हाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तीनला स्वयंपाकघर बंद होतं, मग थेट संध्याकाळी सातच्या पुढे, हे मला इथे राहून चांगलं ठाऊक आहे. आईला मधुमेह आहे आणि जेवणाची वेळ टळून गेली होती. दारातच मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: मांस नको, मासे नकोत, अंडं चालेल. तुम्ही घड्याळाकडे पाहिलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून दिलीत. टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि मेंढीच्या दुधाचं चीज आलं. (वाचणाऱ्यांसाठी: हे न मागता येतं, पण फुकट नसतं. नको असेल तर परत पाठवता येतं, त्यावर चिडू नये.)

मी असोर्दा मागवला. आलेंतेजूत राहिलेल्या कुणालाही हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही, आपल्याकडे लागेल. लसूण, कोथिंबीर आणि जाडं मीठ खलबत्त्यात कुटायचं, त्यावर सढळ हाताने ऑलिव्हचं तेल, वर उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे काप आणि फोडून पाण्यात शिजवलेलं अंडं. बस. मोठ्या जमीनदारांच्या शेतांवर रोजाने राबणाऱ्या मजुरांचं हे जेवण. घरात दुसरं काही नसलं तरी पाव आणि लसूण असायचा. कोथिंबीर बाकीच्या युरोपात फारशी कुणी खात नाही, पण तुमच्याकडे ती अशी जुडीने लागते. मी आईला सांगितलं, यात काही नाही, डोळे मिटून खा.

आणि मग तुम्ही स्वयंपाकघरातून पातेलं हातात घेऊन बाहेर आलात.

'बाकल्याव,' तुम्ही म्हणालात, आणि पातेल्यातल्या पाण्याकडे बोट दाखवलंत. खारवलेला कॉड मासा उकडलेलं पाणी. चव यावी म्हणून असोर्द्यात तेच घालतात. मासा बाहेर काढलेला होता, पाणी स्वच्छ दिसत होतं. कुठल्याही अर्थाने ते ताटात मासा वाढणं नव्हतं. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी खांदे उडवून तसं म्हटलंही: नुसतं पाणी तर आहे! तुम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाहीत.

काकू, आभार मुख्यतः या क्षणाचे आहेत. तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला काही कळलं नसतं. आई ते जेवली असती, तिला आवडलंही असतं, आणि तिला उभ्या जन्मात पत्ता लागला नसता. तीन वाजायला दहा मिनिटं होती. तुमचं पाणी तयार होतं. तरी तुम्ही ते ठेवून दिलंत आणि साधं पाणी नव्याने चुलीवर चढवलंत. मी बरीच वर्षं बाहेर खातेय, भारतातही आणि इथेही. 'सूपमध्ये मांस नाही' म्हणून समोर आलेल्या वाटीत सॉसेजची चकती तरंगताना पाहिली आहे. हसून 'चिकन तर मांस नाही' म्हणणारेही भेटलेत. दुसऱ्याच्या न खाण्याचा अर्थ आपल्याला पटो न पटो, तो पाळायचा असतो, असं मानणारं माणूस विरळा. तुम्ही आईला 'का खात नाही' हेसुद्धा विचारलं नाहीत.

पाणी उकळेपर्यंत तुम्ही आईला मागच्या अंगणात घेऊन गेलात, ते बहुतेक तिला सावलीत बसवायला. पण तिथे कुंड्यांच्या कडेने घोळ पसरली होती. आपली घोळ, लालसर देठांची, जाड पानांची! आई एकदम खालीच बसली. सांगलीत शेताच्या बांधावर आपोआप उगवते तशीच. तिने एक पान खुडून तोंडात टाकलं आणि तुमच्याकडे बघून मान डोलावली. तुम्ही हसलात आणि आत जाऊन दुसरं एक भांडं उघडून दाखवलंत. रात्रीसाठी केलेलं घोळीचं सूप. त्यात कांदा, बटाटा, लसणाचे अख्खेच्या अख्खे गड्डे, बकरीच्या दुधाचं चीज, वरून अंडं, आणि खाली पुन्हा पावच. मांसाचा कण नाही. यादीवर ते नव्हतं, कारण रात्रीचं होतं. आईला तुम्ही दोन वाट्या वाढल्यात, असोर्दा आला तो त्यानंतर.

घोळ डाळीत किंवा ताकात करतात हे आईने तुम्हाला हातवारे करून सांगितलं. डाळीचं कळलं तुम्हाला, ताकाचं नाही. ते सांगायला मलाही शब्द सापडले नाहीत.

कोपऱ्यातल्या मातीच्या भल्यामोठ्या ताल्यांना आई शेवटपर्यंत पाण्याचे रांजण समजत होती. त्यात वाइनसाठी द्राक्षं सालीसकट आंबवतात, रोमन लोकांपासून ही रीत तुमच्याकडे चालत आली आहे आणि ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, त्यांच्या तोट्या उघडतात, हे मी तिला नंतर गाडीत सांगितलं. उगाच कशाला, जेवताना.

शेवटी सिरिकाया. अंडी, दूध, दालचिनी आणि सोबत एल्व्हाशचं पाकातलं आलुबुखार. मधुमेह असून आईने एक चमचा खाल्लाच. त्याबद्दल मी तुम्हाला माफ करते.

बिल आलं तेव्हा त्यात पाव होता, ऑलिव्ह होते, चीज होतं, सूप होतं, सगळं होतं. एकही गोष्ट तुम्ही 'राहू द्या' म्हणून सोडली नाहीत, आणि आईला हेच फार आवडलं. नाहीतर तिला उपकार वाटले असते. गिऱ्हाईक म्हणून आलो, गिऱ्हाईक म्हणून नीट जेवलो.

जेवणानंतर तुमच्या यजमानांनी आम्हाला चौकातला वास्को द गामाचा पुतळा बघून जा म्हटलं, मोठ्या अभिमानाने. ते स्वाभाविक आहे. १५१९ साली तो विदिगेइराचा काउंट झाला, कोचीनला १५२४ मध्ये वारला, आणि पुढे त्याच्या अस्थी तुमच्याच गावात होत्या, एकोणिसाव्या शतकात लिस्बनला नेईपर्यंत. आम्ही पाहिला पुतळा. यात्रेकरूंनी भरलेलं जहाज जाळणारा माणूस म्हणूनही आम्हाला तो ठाऊक आहे, त्यामुळे हात जोडावेसे वाटले नाहीत. यजमानांना हे सांगायला माझी भाषा तेव्हा अपुरी पडली. मैत्रिणीला हे वाक्य गाळू नको म्हणून बजावलंय. तुम्ही आमच्याशी खरं बोललात, मग मीही बोलते.

नोव्हेंबरात बाबा येताहेत. ताल्या उघडतात त्या आठवड्यात त्यांना घेऊन विदिगेइराला यायचं ठरवलंय, या वेळी दोनच्या आत. तेव्हा घोळ नसेल, हे आईने आत्ताच फोनवर सांगितलं. बाबा मासे खातात. त्यांच्या असोर्द्यात बाकल्यावचंच पाणी घाला, माझ्यात साधं.

तुमची,
सांगलीच्या आजारी नव्हे, फक्त भुकेल्या बाईंची मुलगी