वजनकाट्याचा टाइमआउट अंदाजाने ठरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाच्या काट्याबद्दल किंवा दूध संकलन केंद्रावरच्या मापाबद्दल तक्रार झाली की, चर्चा काट्याच्या अचूकतेची आणि माणसांच्या हेतूची होते. काट्यावरचा आकडा संगणकात आणणाऱ्या सिरियल पोर्टच्या (एकेक बिट ओळीने पाठवणाऱ्या जोडणीच्या) ड्रायव्हरला, म्हणजे ती हाताळणाऱ्या प्रोग्रामला, किती वेळ वाट पाहायला सांगितले आहे, म्हणजेच टाइमआउट किती ठेवला आहे, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. अशा जोडण्यांच्या देखभालीचे काम करत असल्यामुळे मला हा प्रश्न थेट शेतकऱ्याच्या पावतीशी निगडित वाटतो, म्हणून हे पत्र.

सिरियल पोर्टवरून अक्षरे एकामागून एक येतात. प्रचलित मांडणीत प्रत्येक अक्षराला एक स्टार्ट बिट, आठ डेटा बिट आणि एक स्टॉप बिट असे १० बिट लागतात. चूक ओळखण्यासाठीचा पॅरिटी बिट ठेवला तर ११. म्हणजे ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने) एका अक्षरास सुमारे १.०४ मिलिसेकंद, तर १२०० बॉडवर ठेवलेल्या जुन्या काट्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. २० अक्षरांची ओळ पहिल्या वेगाने २१ मिलिसेकंदांत पोहोचते, दुसऱ्या वेगाने तिला १६७ मिलिसेकंद लागतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्या टेबलावरच्या वेगवान यंत्रावर चाचणी घेऊन १०० मिलिसेकंदांची मुदत कायमची लिहून टाकली, तर जुन्या काट्याकडून जेमतेम १२ अक्षरे हाती येतात आणि वाचन थांबते.

पुढे काय होते ते मी एका काट्यावर पाहिले आहे. ओळ पूर्ण झाल्याची खूण न तपासता, मुदतीत जेवढे अंक आले तेवढेच वजन म्हणून घेतले गेले आणि १२४८० किलोच्या जागी पडद्यावर १२४८ उमटले. एवढी तफावत कोणाच्याही नजरेत भरते, त्यामुळे गाडी पुन्हा काट्यावर घेतली गेली. मात्र ८.६५ किलो दुधातला शेवटचा पाच गळून ८.६ राहिले, तर ५० ग्रॅम कमी झाल्याचे ना उत्पादकाच्या लक्षात येईल, ना केंद्रचालकाच्या.

हिशेब अवघड नाही. अपेक्षित अक्षरे गुणिले प्रत्येक अक्षराचे बिट, भागिले बॉड, त्यात यंत्राला उत्तर तयार करायला लागणारा वेळ आणि थोडी सवड मिळवायची. लिनक्सच्या सिरियल ड्रायव्हरमध्येही फिफोतली, म्हणजे चिपमधल्या रांगेतली, सर्व अक्षरे बाहेर पडायला लागणारा वेळ बॉडवरून काढून त्यात २० मिलिसेकंदांची सवड दिली जाते. विंडोजमध्ये प्रत्येक बाइटमागे (इथे अक्षरामागे) एक गुणक आणि वर एक स्थिर भाग अशी सोय आहे, पण दोन्ही पूर्ण मिलिसेकंदांत द्यावे लागतात, आणि नेमकी तिथेच गफलत होते. ९६०० बॉडसाठी १.०४ च्या जागी १ लिहिले की १००० बाइटांना १०४२ ऐवजी १००० मिलिसेकंदच मिळतात. १,१५,२०० बॉडला एका बाइटचा वेळ ०.०८७ मिलिसेकंद, त्याचा पूर्णांक शून्य झाला आणि स्थिर भागही शून्य असला, तर एकूण टाइमआउट लागूच होत नाही आणि तार निघालेली असली तरी प्रोग्राम वाट पाहत बसू शकतो. त्यामुळे आधी संपूर्ण संदेशाचा वेळ काढावा आणि मगच तो वरच्या पूर्णांकात न्यावा.

काटा आणि संगणक यांच्यामध्ये यूएसबी कन्व्हर्टर असेल, तर आणखी काळजी घ्यावी लागते. काही प्रचलित चिप थोडी अक्षरे आली की ती मूळ मांडणीत १६ मिलिसेकंदांपर्यंत धरून ठेवतात. मॉडबस आरटीयू या यंत्रांच्या संवादपद्धतीत साडेतीन अक्षरांएवढी शांतता म्हणजे संदेशाचा शेवट; ९६०० बॉडला ती जेमतेम ४ मिलिसेकंद भरते. कन्व्हर्टरपलीकडच्या संगणकाने ही शांतता मोजून संदेश तोडणे चूक आहे. तिथे अपेक्षित लांबी आणि सीआरसी, म्हणजे संदेश बिनचूक आला का हे पडताळणारा आकडा, पाहावा.

म्हणून सरसकट पाच सेकंदांची मुदत ठेवावी, असेही कोणी सुचवू नये. अनेक यंत्रे जोडलेल्या एकाच आरएस-४८५ तारेवरचे एक यंत्र बंद पडले आणि प्रोग्रामने त्याला तीनदा विचारले, तर प्रत्येक फेरीत १५ सेकंद वाया जातात आणि पहाटेची रांग तेवढी लांबते.

कारखाने आणि दूध संघ यांनी खरेदीच्या अटींतच यंत्राचा जास्तीत जास्त प्रतिसाद-वेळ लेखी मागावा आणि वाचन अपूर्ण राहिल्यास पावती निघणारच नाही, याची हमी सॉफ्टवेअर पुरवठादाराकडून घ्यावी. वैधमापन यंत्रणेला माझी विनंती आहे की, प्रमाणित वजने ठेवून काटा तपासताना त्याच वेळी संगणकातून पावती काढावी, जोडणी ज्या सर्वांत कमी बॉडवर वापरली जाणार आहे त्यावरही ती काढावी, आणि काट्यावरचा व पावतीवरचा असे दोन्ही आकडे अखेरच्या अंकापर्यंत ताडून पाहावेत.

आपला नम्र,
एक इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, बारामती