कोपऱ्यावरचा पब

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. शेवटचा टोमणाही पोचला: "घरात फ्रीज आहे, सोफा आहे, मग तीच बिअर जास्त पैसे मोजून प्यायला पबमध्ये कशाला जातोस?" फोनवर उत्तर दिलं असतं तर तू मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहायला बसलोय.

पहिली गोष्ट म्हणजे ती 'तीच' बिअर नसते. कॅनमधली बिअर कारखान्यातून निघते तेव्हा तिचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पिंपातली, म्हणजे कास्क एल (एल हा बिअरचाच एक प्रकार), पबच्या तळघरात येते तेव्हा तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं, आंबण्याचं काम चालूच असतं. पिंप न हलवता ठेवून गाळ खाली बसू द्यायचा, तळघर ११ ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचं आणि माल कधी तयार झाला ते चाखून ठरवायचं. यात खरं कसब आहे. पण गंमत पुढे आहे. पिंपाला एकदा नळ ठोकला की जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत शिरते, आणि तीन-चार दिवसांत पिंप संपलं नाही तर चव उतरायला लागते. म्हणजे ग्लास चांगला हवा तर आजूबाजूच्यांनी नेमाने यायला हवं. ओस पडलेल्या पबमध्ये उत्तम एल मिळणं कठीणच. माझ्या ग्लासाची चव खिडकीपाशी पेपर वाचत बसणाऱ्या त्या तिरसट म्हाताऱ्यावर अवलंबून आहे, आणि त्याच्या ग्लासाची माझ्यावर. आम्ही एकमेकांशी धड चार वाक्यं बोललेलो नाही, तरी!

आता काउंटरकडे ये. तिथे रांग नसते; माणसं आडवी पसरून उभी असतात. तरीही नंबर कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बारमागच्या बाईंना तर असतंच असतं. नोट हलवली, टिचकी वाजवली की तुझा नंबर शेवटी गेला म्हणून समज. तू समोर आलास की त्या नुसती भुवई उचलतात. मग ग्लास तिरका धरून हातपंपाचा लांब दांडा सावकाश, पूर्ण खाली ओढायचा. एका ओढीत ग्लास भरत नाही; तो असतो एक पाइंटचा, म्हणजे ५६८ मिलिलिटरचा. मध्येच फेस वर येतो, तेव्हा ग्लास बाजूला ठेवून त्या दुसऱ्या कोणाचे पैसे घेतात आणि परत येऊन वरचा उरलेला भाग भरतात. शेजारच्याशी बोलणं सुरू होतं ते नेमकं या रिकाम्या अर्ध्या मिनिटात. दोघांची तोंडं बाटल्यांकडे असतात, त्यामुळे नजरेला नजर द्यायची सक्ती नाही. बोलणं रंगलं तर रंगलं, नाही तर आपापला ग्लास उचलून निघायचं. कोणाला राग नाही.

घरी हे जमत नाही बघ. कोणी आलं की आपण यजमान, कोणाकडे गेलो की पाहुणे. उठायचं म्हटलं तरी कारण द्यावं लागतं. रे ओल्डेनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली घर आणि कामाचं ठिकाण सोडून असलेल्या अशा जागांना 'तिसरी जागा' म्हटलं. तिथे हुद्दा दाराबाहेर राहतो आणि मुख्य काम म्हणजे गप्पा, असं त्याचं म्हणणं. पटतं. आमच्याकडे डार्ट्सच्या बोर्डापाशी सगळे सारखेच वाईट खेळतात, हेही त्यातच आलं. आणि प्यायलाच हवं असंही नाही. मी कित्येकदा नुसता सोडा घेऊन बसतो, कोणी ढुंकून बघत नाही.

मोठा टीव्ही मात्र मला खपत नाही. तो लागला की माना वर आणि गप्पा बंद. नशिबाने आमचा टीव्ही मागच्या खोलीत आहे.

पब बंद पडतायत हे तू लिहिलंस ते खरंच आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या एका कायद्याने रहिवाशांना आपल्या पबची नोंद 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून करून घेता येते. मालकाने विकायला काढला तर त्यांना खरेदीची तयारी करायला काही महिने मिळू शकतात. काही ठिकाणी लोकांनी वर्गणी काढून खरोखर पब विकत घेतलेत. पण विकत घेऊन भागत नाही. मंगळवारच्या पावसात जाऊन बसावंही लागतं, नाही तर पिंपातल्या बिअरची चव पुन्हा उतरणारच.

तर मी कशाला जातो, याचं उत्तर एवढं लांबलं. तू येशील तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेव. खिडकीपाशीची खुर्ची रिकामी दिसली तरी बसू नकोस. आणि पहिली फेरी, म्हणजे सगळ्यांच्या ग्लासांचे पैसे, माझी असली तरी दुसरी तुझी. नेमकी तुझी पाळी आली की तुला महत्त्वाचा फोन येतो, हे मी अजून विसरलेलो नाही. इथली मंडळी तर माझ्याहून पक्क्या स्मरणशक्तीची आहेत.

तारीख कळव.

तुझाच