ताई, तुम्ही जे विकलं नाहीत त्याबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपली रोज काउंटरवर दोन मिनिटं भेट होते. पण माझ्या मागे रांग असते, तुमचे हात पिठात असतात आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं उघड लिहितेय, कारण तुमच्या बेकरीत काय काय मिळतं हे आता आपल्या जळगावात बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. तुम्ही गिऱ्हाइकाला काय घेऊ नका म्हणून सांगता, ते मात्र कोणी बोलत नाही. मला आभार मानायचेत ते त्याचेच.

पहिल्या दिवसापासून सांगते. दारावरच्या पाटीवरची फ्रेंच नावं बघून मी दोनदा तशीच पुढे निघून गेले होते. तिसऱ्यांदा आत आले आणि काचेतल्या चंद्रकोरीसारख्या क्रोसाँकडे बोट दाखवून म्हटलं, "हे चार द्या." तुम्ही चिमटा उचललात आणि थांबलात. "घरी अंडं न खाणारं कोणी आहे का?" मी म्हटलं, आई आहे. "मग हे नका नेऊ ताई. वरून चमक दिसतेय ना, ती अंड्याची आहे." पीठ भिजवताना अंडं नसतं, फक्त भाजण्याआधी वरून फिरवतात, हेही सांगितलंत. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही गप्प राहिला असतात तर मी खुशाल घेऊन गेले असते आणि आईने खाल्लंही असतं. चार क्रोसाँचे पैसे त्या वेळी नवीन दुकानाला थोडे नव्हते.

"तीन दिवसांनी या," म्हणालात. आले, तर दुधाचा हात फिरवलेला वेगळा ट्रे तयार, त्याचा ब्रशही वेगळा आणि ब्रशच्या दांड्याला हिरवी फीत गुंडाळलेली. ती फीत अजून डोळ्यांसमोर आहे. आई अमळनेरकडची, बोलणं अजून अहिराणी. तिने एक क्रोसाँ हातात घेऊन पदर एकेक करून सोडवला, वास घेतला आणि म्हणाली, "हाई ते खारीनी बहीन शे वं!" तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आजी बरोबर बोलल्या. खारीतही असंच लाटायचं आणि घडी घालायची, फक्त क्रोसाँच्या पिठात खमीर असतं आणि आत लोणी. तीनदा तीन घड्या घातल्या की लोण्याचे सत्तावीस पदर होतात. घरी येऊन आईला हिशोब सांगितला, तर तिने मांड्याच्या घड्यांची आठवण काढली.

आता अण्णांचं. खरं तर हे पत्र त्यांच्यासाठीच लिहायला घेतलं.

माझे वडील हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी शुगर निघाली. कोणीतरी सांगितलं की ब्राउन ब्रेड शुगरला चालतो. झालं, तेव्हापासून सकाळी चार स्लाइस आणि संध्याकाळी चहाबरोबर दोन. भात सोडला, पोळी कमी केली, पण हा ब्रेड पोटभर. आम्ही सगळे निर्धास्त होतो. रंग तपकिरी आहे, म्हणजे गव्हाचाच असणार.

एक दिवस ते दुसऱ्या दुकानातून आणलेलं पाकीट पिशवीत घेऊन तुमच्याकडे आले, असा ताजा ब्रेड मिळेल का विचारायला. मी बरोबर होते. दुपारची वेळ होती, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही पाकीट उलटं केलंत आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवून म्हणालात, "काका, हे वाचा. जो जिन्नस वजनाने जास्त, तो आधी लिहायचा असा नियम आहे." अण्णांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिला शब्द मैदा. गव्हाचं पीठ बरंच खाली. त्याच्याही खाली कॅरॅमल रंग, १५०ए. "हा रंग साखर जाळून करतात," तुम्ही म्हणालात. "तपकिरीपणा बराचसा याचा आहे." अण्णांनी ती ओळ पुन्हा वाचली, मनातल्या मनात. मग पाकिटाची घडी घालून पिशवीत ठेवली.

नंतर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडचा गव्हाचा द्या मग." कोणीही दिला असता. महागाचा लोफ, रोजचं गिऱ्हाईक, तेही आपल्या पायाने चालत आलेलं. तुम्ही म्हणालात, "काका, माझ्याही लोफात निम्मा मैदा आहे. मी तो आंबवून करते, चवीला चांगला आहे, पण शुगर त्यानेही वाढते. रोज खायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मोजून खा. घरी कळण्याची भाकरी होते ना?"

अण्णा घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांना राग आला होता, तुमच्यावर नाही, इतकी वर्षं आपण पाकीट उलटं करून पाहिलं नाही याचा. आयुष्यभर मुलांना "मूळ कागद बघा, ऐकीव सांगू नका" शिकवलेला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ज्वारी आणि सालाचे उडीद निवडले, मीठ घातलं आणि पिशवी घेऊन गिरणीवर गेले. मग डॉक्टरांकडे जाऊन सगळं नव्याने ठरवून घेतलं, किती खायचं, केव्हा खायचं, भाकरी किती हेही. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. त्याचं श्रेय डॉक्टरांचं, गोळ्यांचं आणि मेहरूण तलावाकाठच्या चालण्याचं आहे, हे मला कळतं. पण डॉक्टरांना तो सहा स्लाइसचा हिशोब पहिल्यांदा सांगितला गेला, तो तुमच्यामुळे. तोवर त्यांनी विचारलं की आम्ही सांगायचो, पथ्य चालू आहे.

आणि एवढं झाल्यावर त्यांनी तुमच्याकडे येणं सोडलं नाही. डॉक्टरांनी रविवारी एका स्लाइसची मुभा दिली. तुम्ही तो अख्खा लोफ घ्यायला न लावता एकच स्लाइस कापता, बटर पेपरमध्ये गुंडाळता आणि एकाच स्लाइसचे पैसे घेता. पैसे नको असं कधी म्हणाला नाहीत, हेही बरं केलंत. फुकट असतं तर अण्णा पुन्हा आले नसते. तो स्लाइस हातात धरून ते तुमच्या बाकावर तासभर बसतात. पाव हा शब्द पोर्तुगीजांच्या पाँववरून आला हे त्यांनी तुम्हाला सांगितलं. फ्रान्समध्ये १९९३ च्या एका हुकुमाने पारंपरिक बगेतमध्ये, म्हणजे त्या लांब फ्रेंच पावात, पीठ, पाणी, मीठ आणि खमीर, जवळजवळ एवढंच चालतं, हे तुम्ही त्यांना सांगितलंत. २०२२ साली युनेस्कोने त्या बगेतची कला आपल्या वारशाच्या यादीत घेतली आणि क्रोसाँची मूळ चंद्रकोर व्हिएन्नाची, पॅरिसला ती एका ऑस्ट्रियन माणसाच्या बेकरीतून पोचली, ही माहिती आता आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मिळते. निवृत्तीनंतर त्यांना ऐकणारं वर्गाएवढं उत्सुक माणूस मिळालं नव्हतं. तुमच्या कामाच्या वेळेतला तो तास आहे, हे मला दिसतं.

बगेत परत घेऊन आलेले ते भाऊही आठवतात. "ताई, शिळा दिला तुम्ही. दगड झालाय." दुकान भरलेलं होतं. तुम्ही हसला नाहीत की खुलासा देत बसला नाहीत. आधी पैसे परत केलेत. मग त्याच बगेतचा तुकडा मोडलात. कडक साल करकन वाजली, आतला भाग मऊ, मोठ्या भोकांचा. "हा वरून असाच असतो भाऊ. पण नाही आवडला तर नाही आवडला." आता ते दर शनिवारी एक घेऊन जातात आणि शेवभाजीच्या रश्शात बुडवून खातात. मीही करून पाहिलं. वरचा तर्रीचा रस्सा भोकांत शिरतो आणि साल तेवढी कुरकुरीत राहते. लादीपाव तसा टिकत नाही.

उरलेल्या मालाची ती टोपली, "कालचा, निम्म्या भावात" अशी खडूने लिहिलेली, तिच्याबद्दल वेगळं काय सांगू? शिळं ताज्यात मिसळलं नाही, इतकंच. पण किती ठिकाणी मिसळलेलं आपण मुकाट्याने खातो.

मागच्या मे महिन्यातली पाटी मात्र मी फोटो काढून ठेवली आहे. पारा पंचेचाळीसला टेकला होता आणि लाइट दिवसातून दोनदा जात होती. "आज क्रोसाँ नाहीत. लोणी धरत नाही." लोणी तिशीच्या थोडं पुढे गेलं की वितळतं. पदरांमधून ते बाहेर आलं की घडीला अर्थ उरत नाही. मार्गारीन घातलं असतं तर ते उन्हाळ्यातही तगलं असतं, खर्चही कमी आला असता आणि आमच्यातल्या दहापैकी नऊ जणांना फरक कळला नसता. ती पाटी जवळजवळ तीन आठवडे लागलेली होती. त्या दिवसांत तुम्ही पहाटे लोकांची नानकटाई भाजून दिलीत. लोक घरून तूप, रवा, साखर आणत होते आणि तुम्ही भट्टीचे पैसे तेवढे घेत होतात. दुकान तुम्ही कसं चालवलंत, ते तुम्हालाच ठाऊक. आम्ही विचारलंही नाही. ते विचारायला हवं होतं.

आता पुन्हा ऊन चढतंय. पाटी परत लागेल, लागू द्या. आम्ही येत राहू, जे असेल ते घेऊ.

आणखी एक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई मांडे करणार आहे. माळ्यावरचं खापर काढून धुऊन ठेवलंय. तुमच्या घड्या पाहिल्यापासून तिला तुम्हाला हातावर फिरवून मोठा केलेला मांडा दाखवायचाय. तिच्या शब्दांत, "लाटणं नको नि काई नको." दुकान त्या दिवशी लवकर बंद करता आलं तर दुपारी बाराच्या आत या, खापरावरून उतरलेला मांडा गरमच खायचा असतो. घरच्या सगळ्यांना आणि भट्टीवरच्या दोन्ही पोरांना घेऊन या. किती जण येणार तेवढं आदल्या दिवशी अण्णांजवळ सांगा, पुरण त्या हिशोबाने शिजवायचंय.

तुमची,
रविवारच्या एका स्लाइसवाल्या काकांची मुलगी